परत आलेले ताके

तो फॉर्म मी दिवाळीनंतर एका रात्री जेवण झाल्यावर भरला. बायको शेजारी बसून वाटाणे सोलत होती आणि मी लॅपटॉपवर आमच्या डाईंगचं पुढच्या वर्षाचं पर्यावरण ठरवत होतो. बेंगळुरूच्या एका मोठ्या कपड्यांच्या कंपनीचं काम एका व्यापाऱ्यामार्फत आमच्याकडे यायचं. कंपनी शेअर बाजारातली. सेबीने २०२२-२३ पासून पहिल्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना पर्यावरणाचा आणि समाजाचा हिशेब मांडणं सक्तीचं केलं, तशी अशा कंपन्यांनी आपल्या पुरवठादारांना फॉर्म पाठवले, पुरवठादारांनी ते खाली ढकलले. या साखळीच्या अगदी शेपटाला आम्ही: सुरतेच्या पांडेसरात चार जेट मशीन, एक लहान बॉयलर, गॅसवरचा एक स्टेंटर आणि पस्तीस माणसं.

फॉर्ममध्ये पाण्यासाठी तीन रकाने होते. आधाराचा महिना, लक्ष्य आणि प्रगती. मी नोव्हेंबर २०२२ हा महिना टाकला, कारण त्याचेच कागद हाताशी होते. लक्ष्य टाकलं 'दर किलो कापडामागे २० टक्के कमी पाणी'. वीस का? पंधरा किरकोळ वाटले आणि पंचवीस अंगाशी येतील असं वाटलं. इतकाच विचार.

माझे वडील अमळनेरकडून ताप्ती लाइनच्या पॅसेंजरने उधन्याला उतरले आणि लूमवर लागले. आजही उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत हिंडलात तर अर्धा खानदेश भेटेल. वडिलांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या मीटरचा हिशेब दिला. मी कॉलेज केलं, एका डाईंगमध्ये दहा वर्षं राबलो आणि मग स्वतःचं जॉबवर्क काढलं. त्यामुळे कुणी मला 'लक्ष्य' विचारतंय याचंच अप्रूप होतं. २०२२च्याच जानेवारीत सचिन जीआयडीसीत टँकरमधून नाल्यात सोडलेल्या रसायनाच्या वायूने सहा कामगार गेले होते. त्यानंतर आपण त्या जातीचे कारखानदार नाही हे कुठेतरी लिहून द्यायची मला घाईच झाली होती. ही घाई चांगल्या मनाची होती हे मला मान्य आहे. पण आकडा चांगल्या मनाने बरोबर येत नाही.

पहिली चूक त्या नोव्हेंबरची. सुरतेला ओळखणारा कुणीही हसेल. दिवाळीत इथलं कापडाचं जग बंद पडतं. ओडिया, यूपीवाले, बिहारी कारीगर गावाला जातात, खानदेशीही जातात, आणि देवदिवाळी उलटल्यावर कुठे हळूहळू परततात. त्या महिन्यात आमची दोनच जेट धड चालली. पण बॉयलर पेटवला की त्याला दोन जेट काय आणि चार काय, स्वतःचं खाणं लागतंच. टाक्या धुणं, सॉफ्टनर धुणं, फरशी धुणं यांतलं काहीच निम्मं होत नाही. नोव्हेंबरचा हिशेब आला २,९०० केएल पाणी आणि २५ टन कापड, म्हणजे किलोला ११६ लिटर. केएल म्हणजे हजार लिटर, आमच्याकडे सगळे तसंच बोलतात. फेब्रुवारीत चारही जेट भरून चालली तेव्हा किलोला ९० आले. बावीस टक्के घट! मी एकही नळ बदलला नव्हता. माणसं गावाहून परत आली होती, एवढंच झालं होतं. लक्ष्य वर्षाचं होतं आणि ते तीन महिन्यांत 'गाठलं'. तिथे थांबून डोकं खाजवायला हवं होतं. मी पेढे वाटले.

पेढ्यांनंतर हाव सुटली. आता खरोखरच पाणी वाचवायचं ठरवलं.

इथे जरा आमचं काम सांगतो, नाहीतर पुढची गंमत कळणार नाही. सुरतेचं कापड म्हणजे मुख्यतः पॉलिएस्टर. त्याला रंग पाजायचा तर बंद जेटमध्ये दाबाखाली १३० अंशांपर्यंत तापवावं लागतं. त्याआधी ग्रे, म्हणजे लूमवरून आलेलं कोरं, कापड धुवायचं. जॉर्जेट असेल तर कॉस्टिकने त्याचं वजन उतरवायचं, म्हणजे पोत मऊ पडतो. रंगानंतर वर चिकटून राहिलेला रंग काढायला कॉस्टिक आणि हायड्रोचं ऐंशी अंशांचं पाणी, मग एक गरम धुणं, मग थंड धुणं, शेवटी थोडं अ‍ॅसिटिक. दीडशे किलोच्या लॉटला दर वेळी बारा-चौदाशे लिटर पाणी भरायचं आणि सोडायचं, असं आठ-नऊ वेळा. आमचे मास्टर नाना पारोळ्याकडचे. तीस वर्षं रंगातच आहेत. नखांच्या कडा कायम निळ्या.

मी नानांना म्हटलं, "ते हायड्रोनंतरचं गरम धुणं काढून टाकू. आणि शेवटचं थंड पाणी गटारात का घालवायचं? टाकीत घेऊ, पुढच्या लॉटला वापरू."

नाना काही वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "भाऊ, काळ्यावर काळा असेल तर चालेल. बाकीचं तुम्ही बघा."

'बाकीचं तुम्ही बघा' याचा अर्थ खानदेशात काय होतो हे मला जन्मापासून माहीत आहे. तरी मी त्याचा अर्थ होकार असा घेतला. आणि वर एक शहाणपणा केला. ज्या पाळीचं दर किलो पाणी कमी येईल त्या पाळीला महिन्याला बक्षीस ठेवलं, ऑपरेटरला हजार रुपये. मार्च २०२३ची गोष्ट.

रात्रपाळीने ते बक्षीस मनावर घेतलं. जेटची पातळी खालच्या खुणेपर्यंतच भरायची, धुण्याचा कॉक पाच मिनिटं आधी बंद करायचा. जुन्या जेटमध्ये पाणी कमी पडलं की कापडाचा दोर नीट फिरत नाही, गुंतून बसतो आणि डाग उमटतात. टाकीत साठवलेल्या पाण्यात हायड्रो आणि कॉस्टिक उरलेलं असायचं. ते पुढच्या लॉटला गेलं की रंगाच्या पाण्याचा आम्लपणा बिघडायचा, आणि १३० अंशांवर अल्कली पाण्यात हे रंग फुटतात. पिस्ता रंगाचा पाण्यात भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा काहीतरी व्हायचा. नाना पीएचचा कागद बुडवायचे, अंदाजाने अ‍ॅसिटिकचा मग ओतायचे. कधी जमायचं, कधी नाही. आणि गरम धुणंच नसल्यामुळे वरचा रंग सुटायचा. फॉलची पट्टी पांढरी असली की दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याचा फोन ठरलेला.

बिघडलेल्या लॉटचं डाईंगमध्ये एकच औषध असतं. तो गडद करायचा. नेव्ही, नाहीतर सरळ काळा. लगनसरा जोरात होती, लाल-राणी-पिवळ्याची मागणी होती, आणि आमच्या खालच्या हॉलमध्ये काळ्याचे ढीग. एका सकाळी मी आत शिरलो तर जेटवरचा आमचा गाववाला पोरगा ट्रॉलीत पडलेल्या डागाळलेल्या फिकट आंबा रंगाच्या कापडाकडे बघत मला विचारतो, "मंग काया करी टाकूत का, भाऊ?" काळा करून टाकू का. त्याच्या आवाजात काळजी नव्हती. चहा ठेवू का, असं विचारावं तसं त्याने विचारलं. मी मान हलवली.

आणि महिन्याचा आकडा? मे महिन्यात किलोला ७८ लिटर. नोव्हेंबरपासून तेहतीस टक्के खाली! मी तो बेंगळुरूला कळवला, तिकडून अभिनंदनाचा मेल आला, आणि तो मेल रंगीत छापून मी लॅमिनेट करून लक्ष्मीच्या फोटोशेजारी लावला.

हे कसं शक्य झालं हे मला मेहताजींनी दाखवलं. मेहताजी म्हणजे आमचे हिशेबनीस, मूळचे गोपीपुऱ्यातले सुरती गृहस्थ, संध्याकाळी दोन तास येतात, डबा कापडी पिशवीत आणतात. जूनमध्ये जीएसटीच्या कागदांसाठी त्यांनी माझी पाण्याची वही मागितली. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी दोन पानं शेजारीशेजारी धरली आणि म्हणाले, "शेठ, आ बधा किलो तमे क्यांथी लाव्या?" हे सगळे किलो तुम्ही आणले कुठून?

माझ्या वहीत मे महिन्याचं कापड होतं ४९ टन. त्यांच्या चलनांप्रमाणे त्या महिन्यात आमच्या दारात ग्रे आला होता साडेबेचाळीस टन. मी छातीठोकपणे म्हटलं, चलनं राहिली असतील. मेहताजी आयुष्यात चलन राहू देत नाहीत. त्यांनी लॉट नंबरवर बोट ठेवलं. एकच नंबर पाच तारखेला, तोच नऊला, तोच अकराला.

जेटमध्ये कापड घालण्याआधी रंगाची टक्केवारी काढायला त्याचं वजन करतात आणि वहीत लिहितात. मी 'एकूण किलो' त्याच वहीतून घेत होतो. म्हणजे जो लॉट बिघडला, उतरवला, पुन्हा घातला, तो माझ्या हिशेबात दोनदा रंगलेलं नवं कापड होता. एक तिसऱ्यांदा घातलेला होता, तोही धरला होता. साडेसहा टन भूत! आणि याहून वाईट एक गोष्ट मला त्या रात्री झोपताना सुचली आणि मी उठून बसलो. परत रंगवायच्या लॉटला सुरुवातीची धुणी लागत नाहीत, वजन उतरवणं लागत नाही. त्याला पाणी कमी लागतं. म्हणजे जितके ताके बिघडतील तितका माझा दर किलो आकडा सुधारत होता. (तागा म्हणतात तुमच्याकडे, आम्ही सुरतेत ताका म्हणतो.) मी बक्षीस ठेवलं होतं ते कापड बिघडवण्यासाठी.

दुसऱ्या दिवशी मेहताजींना घेऊन पहिल्यापासून बसलो. मीटर होते दोन. एक बोअरवर, एक महापालिकेच्या लाइनवर. ही लाइन म्हणजे सुरतेची खरी मोठी गोष्ट आहे. २०१४ पासून बमरोलीच्या प्लांटमध्ये शहराचं सांडपाणी तिसऱ्या टप्प्यापर्यंत शुद्ध करून पांडेसराच्या कारखान्यांना दिलं जातं, सुरुवातीची क्षमता दिवसाला चार कोटी लिटर. मी हे पाहुण्यांना अभिमानाने सांगतो. पण उन्हाळ्यात मागवलेल्या टँकरला मीटर नव्हता. त्यांची नोंद मेहताजींच्या खर्चाच्या वहीत, 'परचुरण' या खात्यात होती: मे महिन्यात दहा हजार लिटरचे पन्नास. पाचशे केएल पाणी मी परचुरण म्हणून पिऊन टाकलं होतं.

आता खरा भागाकार. मीटरवरचं ३,८२० अधिक टँकरचं ५००, भागिले साडेबेचाळीस टन. किलोला १०२ लिटर. आणि नोव्हेंबर सोडून भरल्या महिन्यांचा आधार घ्यावा म्हणून आदल्या वर्षीच्या जानेवारी ते मार्चची बिलं काढली, तर तिथे ९८ निघाले. तेहतीस टक्के कमी म्हणून मी जे भिंतीवर टांगलं होतं ते प्रत्यक्षात चार टक्के जास्त होतं. कोळसा, रंग, कॉस्टिक, हायड्रो हे सगळं पुन्हा घातलेल्या लॉटमागे वेगळं. ते मी मोजलंच नव्हतं, फॉर्ममध्ये त्याचा रकाना नव्हता.

याची खूण मला मे महिन्यातच दिली गेली होती. वसाहतीच्या सीईटीपीकडून, म्हणजे सामायिक सांडपाणी केंद्राकडून, पत्र आलं होतं की तुमच्या पाण्याचा सीओडी, म्हणजे त्यातल्या घाणीचं माप, वाढला आहे. मी ते पत्र कौतुकाचं समजून वाचलं! पाणी कमी, घाण तेवढीच, म्हणजे दर लिटरला घाण जास्त दिसणार, यात आमचा काय दोष, असं उत्तरही ठोकलं. अर्धं ते खरंच होतं. साखर तेवढीच ठेवून पाणी कमी केलं तर सरबत गोड होणारच. पण आमची साखरही वाढली होती. परत परत उतरवलेला रंग, जादा कॉस्टिक, जादा हायड्रो. शिवाय वजन उतरवताना शंभर किलो जॉर्जेटमधून पंधरा-वीस किलो पॉलिएस्टरच विरघळून नाल्यात जातं, ही गोष्ट मी वीस वर्षं उघड्या डोळ्यांनी बघतो आहे आणि ती माझ्या कुठल्याही लक्ष्यात कधी आली नाही. पाणी मोजायला सोपं असतं. डायल फिरतो, आकडा दिसतो. म्हणून पाणी निवडलं.

आमच्या भिंतीपलीकडे याहून शहाणपणाचं मोजमाप चार वर्षांपासून चालू होतं, ते मला तेव्हा दिसलं. २०१९ मध्ये गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाने सुरतेत चिमणीतल्या धूलिकणांचा बाजार सुरू केला, अशा प्रदूषणासाठीचा जगातला पहिला. कोळसा-लिग्नाइट जाळणारे तीनशेच्या वर कारखाने घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निम्मे बाजारात घातले, निम्मे जुन्या नियमात ठेवले. शिकागो आणि येल विद्यापीठांचे अर्थशास्त्रज्ञ, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे ही मंडळी त्यात होती. बाजारातल्या कारखान्यांचे कण वीस ते तीस टक्क्यांनी कमी निघाले. आमचा बॉयलर लहान, आम्ही त्यात नव्हतो. शेजारी होते. त्यांच्या चिमणीवर अखंड मोजणारं यंत्र, आणि मुदत संपत आली की शेजारचे शेठ मोबाइलमधल्या बॅलन्ससारखे कण सोडायच्या परवान्यातले उरलेले किलो बघायचे. कमी पडले की विकत घ्यायचे.

मी आधी त्या यंत्राला हसलो होतो. नंतर लक्षात आलं की त्यांच्या आकड्याला खाली काहीच नाही. जुना नियम एका घनमीटर धुरात इतके मिलिग्रॅम असा, म्हणजे पुन्हा भागाकारच. नमुना घ्यायच्या दिवशी चांगला कोळसा टाकला की निभलं. नवा हिशेब सरळ बेरजेचा: या मुदतीत तुमच्या चिमणीतून एकूण इतके किलो बाहेर पडले. भागायला काही नाही, त्यामुळे लपायलाही काही नाही. माझं सगळं लपलेलं होतं ते भागाकाराच्या खालच्या घरात.

जूनच्या शेवटी गरम धुणं परत सुरू झालं. बक्षीस बंद केलं तेव्हा रात्रपाळी दोन दिवस रुसली. टँकरच्या पाइपला मीटर बसवला, एक बरा पीएच मीटर आणला, साठवलेलं पाणी फक्त काळ्यावर काळ्याला. हे सगळं नानांना मार्चमध्येच माहीत होतं. मी एकदा त्यांना विचारलंही, तुम्ही अडवलं का नाही? ते म्हणाले, "तुम्ही विचारलं नव्हतं, सांगितलं होतं." वजनाच्या वहीत एक नवा रकाना आखला, 'कितव्यांदा'. नानांना तो आवडला नाही. मास्टरच्या हातून लॉट परत गेला हे लेखी राहणं म्हणजे त्यांच्या लेखी बेइज्जती. पहिल्या पंधरवड्यात सगळ्या ओळींपुढे १ होता, काळ्याच्या ओळींपुढेही. मग मी माझ्या हाताने मे महिन्याच्या जुन्या पानांवर मागे जाऊन २ आणि ३ लिहिले, वर माझी सही केली, आणि वही टेबलावर उघडी ठेवून जेवायला गेलो. त्यानंतर खरे आकडे यायला लागले. परत जाणारे लॉट सहा-सातात एक होते ते दिवाळीपर्यंत वीसात एक झाले. पाणी किलोला ९३.

हे सगळं झालं, पण भिंतीवरचा तो कागद मी काढला नव्हता. ही चूक बाकीच्यांपेक्षा मोठी, आणि हिला नोव्हेंबरची किंवा वहीची सबब नाही. १०२ हा आकडा मला जूनमध्ये कळला आणि बेंगळुरूला मी सप्टेंबरपर्यंत काही कळवलं नाही. व्यापारी म्हणाला, कोण विचारतंय? खरंच कुणी विचारत नव्हतं. त्यांच्या अहवालात आमचे तेहतीस टक्के कुठल्यातरी सरासरीत मिसळून गेले असतील. मी मनाशी म्हणायचो, आकडा ९८च्या खाली आला की एकदमच कळवू, म्हणजे शोभेल. तीन महिने असेच काढले. शेवटी कागद काढला तो मेहताजींमुळे. बोलले काहीच नाहीत. रोज आले की लक्ष्मीला नमस्कार करताना ते त्या कागदाकडे पाठ करून, जरा तिरके उभे राहायचे.

सप्टेंबरात फॉर्म पुन्हा उघडला. आधाराचा महिना बदलून तीन महिन्यांची सरासरी टाकली, टँकर धरले, खालच्या घरात चलनाचे किलो घेतले. मे महिन्याच्या 'प्रगती'त वजा चार टाईप केलं. घर लाल झालं. पुन्हा टाकलं, पुन्हा लाल. त्या रकान्यात शून्यापासून शंभरपर्यंतचेच आकडे चालत होते, वजाचं चिन्ह तो घेतच नव्हता.

मी बेंगळुरूला फोन लावला. पलीकडे एक मुलगी होती, आवाजावरून नुकतीच नोकरीला लागलेली. मी सगळं सांगितलं, ताके, टँकर, काळा. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सर, वजा अजून कुणी भरलेलं नाही. मी वर विचारून सांगते."

मी शून्य टाकून, शेजारच्या शेऱ्याच्या घरात मावेल तेवढं लिहून फॉर्म पाठवला. तिचा फोन अजून आलेला नाही.